लाईट गेली तरी जळणारे दिवे

निमगाव केतकीत लाईट गेली की लोक वायरमनला फोन लावत नाहीत, स्वरूपाला लावतात. वायरमन उचलत नाही, हे एक कारण. दुसरं असं की कुठल्या गल्लीची लाईट गेली आणि कुठल्या गल्लीची शाबूत आहे, हे तिला घरबसल्या कळतं. तिच्या घराची पुढची खोली म्हणजे सासऱ्यांच्या काळची पिठाची गिरणी. गिरणी कधीच विकली, पण भिंतींच्या कोपऱ्यांत अजून पीठ धरून बसलंय, आणि त्याच भिंतींवर आता पत्र्याच्या चपट्या पेट्या ठोकल्या आहेत. या धंद्यात त्यांना स्विच म्हणतात. बटनाशी त्यांचा काही संबंध नाही. प्रत्येक पेटीला ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक तार, आणि ती तार गच्च्यांवरून, पत्र्यांवरून, कुणाच्या तरी चौकटीला वळसा घालून शेवटी एका घरातल्या राऊटरमध्ये शिरते. भोकाच्या डोक्यावर बारकासा हिरवा दिवा. तिकडे राऊटर चालू, तर इकडे दिवा. त्या घराची लाईट गेली, राऊटर बंद पडला, की इकडचा दिवाही विझला.

प्रकार एवढा साधा. तरी गावाला त्यात काहीतरी चेटूक वाटायचं आणि स्वरूपाला ते वाटू देणं आवडायचं. "भागूकाकू, तुमच्या घरी आत्ता लाईट आली बघा," असं ती फोनवर सांगायची. पलीकडून भागुबाई म्हणायची, "व्हय गं बया, खरंच आली की!"

बारामतीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली ही बाई. गावात घरोघरी तारेनं इंटरनेट पोचवलं ते तिनं. लग्न गावातल्या गावात झालेलं. नवरा कुंडलिक कारखान्यावर कामाला. पहिल्या वर्षी ती गच्चीवर चढली की खाली पारावर माणसं गोळा व्हायची, सून वर चढलेली बघायला. तीच माणसं पुढं तिच्या दारात उभी राहून, "आमच्याकडं कवा जोडतीस, आक्का?" म्हणून अजिजी करू लागली. लोकांचं असंच असतं, त्यांच्यावर फार रागावून चालत नाही. राग धरायचाच तर आपल्या माणसांवर धरावा, आणि तेच स्वरूपाला कधी जमलं नाही.

आपलं माणूस म्हणजे सौरभ, तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा सौरभ शाळेतही जात नव्हता. अंधाराला भ्यायचा. आबा, म्हणजे वडील, बाहेर ओट्यावर झोपायचे आणि ही दोघं आतल्या खोलीत. डोळ्यांत झोप उतरेपर्यंत तो विचारत राहायचा, "आक्का?" ही म्हणायची, "हाय." थोडा वेळ जायचा. परत, "आक्का?" परत, "हाय." सांगायचं काही नसायचं, मागायचं काही नसायचं. ती तिथं आहे, एवढंच त्याला हवं असायचं. ती आधी झोपली आणि उत्तर आलं नाही, की पोरगं रडायला लागायचं. म्हणून ती कधी आधी झोपली नाही.

पुढं तो कॉलेज अर्धवट सोडून घरी बसला, तेव्हा तिनंच त्याला हाताशी घेतलं. तार सोलायला शिकवली, रंगांचा क्रम लावून प्लग चिमटायला शिकवलं. एक दिवस त्यानं विचारलं, "आक्का, पलीकडं राऊटर चालू हाय ह्ये ह्या दिव्याला कळतं कसं? कुनी यूट्यूब बघत नसलं तरी जळतोच की."

स्वरूपा हसली. "तुझं ल्हानपनीचंच हाय त्ये. तार जोडली की दोन्ही टोकाची मशिनी एकमेकीला सारखं बारीक ठोकं देत ऱ्हात्यात. बोलायचं कायबी नसलं तरी. ह्यानं इचारायचं 'आक्का?', त्यानं म्हनायचं 'हाय'. पलीकडचा ठोका ऐकू आला की दिवा लागतो. ठोका थांबला की गेला. बोलनं त्याच्या फुडचं."

सौरभही हसला, जरासा लाजलाही. मग तिनं त्याला अजून एक गोष्ट सांगितली, कारण शिकवायचं तर पुरतं शिकवावं असा तिचा स्वभाव. "पर ध्यानात ठेव, पलीकडं कुनीतरी हाय, एवढंच दिवा सांगतो. कोन हाय, काय बोलतंय, त्ये त्याच्या बापालाबी म्हाईत नसतं." धाकट्या भावानं हा दुसरा धडा पहिल्यापेक्षा जास्त नीट लक्षात ठेवला, हे तिला फार उशिरा कळायचं होतं.

सौरभचं लग्न ठरलं, तेव्हा स्वरूपानं इंदापूरच्या कचेरीत जाऊन वडिलोपार्जित जमिनीवरचा आपला हक्क सोडला. बहिणींनी सोडायचाच असतो, अशी रीत आहे. न सोडणारीला माहेरचा चहासुद्धा गोड लागत नाही. कुंडलिक एवढंच म्हणाला, "इचार कर." ती म्हणाली, "त्यात इचार कसला? भाऊ हाय माझा." परतताना एसटीत तिनं सौरभला सांगितलं, "मला कायबी नगं. ह्यो तारांचा धंदा तेवढा दोघांचा ऱ्हाऊ दे." सौरभनं भर एसटीत तिच्या पायांना हात लावला. "आक्का, दोघांचा कशाला? तुझाच हाय. मी तुझा गडी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. हेच तर वाईट आहे, की ते त्या दिवशी खरं होतं.

लग्नानंतर तो बारामतीला लागून जळोचीत राहायला गेला. बायकोची नोकरी तिकडं, शिवाय मेव्हणा सुमितही तिकडंच, फायबरच्या म्हणजे काचेच्या तारेच्या कामात. पण सौरभ रोज मोटरसायकलवर गावात यायचा. बाहेरचं सगळं त्याच्याकडं, वायरी ओढणं, राऊटर बसवणं, घरोघरी जाऊन पैसे गोळा करणं. आतलं स्वरूपाकडं. अशी चांगली घडी बसली होती.

मग या वर्षी एक नवल झालं. पेठेच्या गल्लीतल्या तक्रारी बंद झाल्या.

तक्रारींची राणी म्हणजे भागुबाई. नातू पुण्यात, आणि त्याचा चेहरा व्हिडिओवर अडकला की म्हातारीचा फोन आलाच म्हणून समजा. "सरूप, त्याचं त्वांड हालंना गं! वाकडं झालं आन तसंच ऱ्हायलं!" हा फोन यायचा थांबला. एक भागुबाईच नाही, ती सगळी गल्लीच गप्प. स्वरूपानं भिंतीकडं बघावं तर त्या गल्लीचे दिवे ओळीनं हिरवेगार, मधूनमधून लुकलुकतही होते. तिला वाटलं, काम सुधारलं. भाऊ हाताखाली तयार झाला. पैसे जरा कमी येत होते, पण सौरभ म्हणायचा, "उसाचं बिल जमा व्हऊ दे, मग देत्यात." तेही पटण्यासारखं होतं. एक दिवस तिनं त्याच्या आवडीच्या शेंगोळ्या केल्या आणि ताट वाढून म्हणाली, "पेठेच्या गल्लीचं काम झ्याक केलंस रं. येक तक्रार न्हाय." तो मान खाली घालून खात राहिला. तिला वाटलं, कौतुकानं लाजला.

आणखी एक गोष्ट. तिच्या खोलीतला इन्व्हर्टर त्यानं दसऱ्यानंतर बॅटरीसकट उचलून नेला. "प्लेटा गेल्यात, बारामतीला दावून आनतो," म्हणाला. खंडेनवमीला तिनं पेट्यांना, पक्कडीला, क्रिंपिंगच्या चिमट्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि बॅटरीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ती बॅटरी परत आलीच नाही. विचारलं की, "दुकानात पडलीया," एवढंच. त्यामुळं सगळ्या गावाची लाईट गेली की स्वरूपाची खोलीही अंधारी. कुठला दिवा जळतोय आणि कुठला नाही, हे बघायला तिच्याच पेट्या जिवंत नसायच्या.

बाजाराच्या दिवशी दुपारी पेठेच्या बाजूनं धाडकन आवाज आला. कावळे उडाले. त्या गल्लीच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, ज्याला गावात डीपी म्हणतात. स्वरूपाच्या गल्लीचा डीपी वेगळा, तिची लाईट होती. सवयीनं तिनं भिंतीकडं बघितलं.

पेठेच्या गल्लीचे सगळे दिवे चालू.

तिला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या गल्लीचा गेला असेल. तेवढ्यात पेठेतल्या शिंप्याचा फोन आला. "आक्का, डीपी पार जळाला. तुझ्या मशिनीत बघून सांग, कवा यील लाईट?" मशिनीत ते दिसत नाही, हे त्याला पूर्वी कितीदा सांगून झालं होतं. या खेपेला तिनं ते सांगितलंच नाही. ती नुसती त्या ओळीकडं बघत राहिली. शिंप्याच्या दुकानाची तार, दिवा हिरवा. भागुबाईच्या घराची तार, दिवा हिरवा. एखाद्याच्या घरी इन्व्हर्टर असतो, मान्य. पण अख्ख्या गल्लीच्या घरी? भागुबाईच्या घरी तर पंखासुद्धा हातानं ढकलल्याशिवाय फिरत नाही.

पेटी बिघडली असेल म्हणून तिनं भागुबाईची तार उपसली. दिवा गेला. परत खोचली. क्षणभर काही नाही, मग दिवा लागला. म्हणजे पेटी ठीक होती. तारेच्या पलीकडं कुणीतरी नक्की होतं, आणि ते 'हाय' म्हणत होतं. पण ज्या घरात ते असायला पाहिजे त्या घरात तर लाईटच नव्हती. तिनं भागुबाईला फोन लावला.

"काकू, लाईट हाय का वं तुमच्यात?"

"कुठली गं! मघाच गेली. केवढ्यांदा वाजलं, ऐकलं न्हाईस व्हय?"

"मग राऊटर बंद आसंल तुमचा."

"बंदच की. त्यो नवा बी बंदच पडला."

"नवा कुठला?"

"सौरभनं बसवला त्यो. जळोचीच्या कंपनीचा, बारीक काचंच्या वायरीचा. समद्या गल्लीलाच बसवला की. जुना माघारी घिऊन गेला." मग घाईघाईनं म्हणाली, "आक्काला इचारूनच चाललंया म्हनला त्यो. तुला ठाव हाय न्हवं, सरूप?"

"ठाव हाय," स्वरूपा म्हणाली आणि फोन ठेवला. आपण खोटं का बोललो, हे तिला स्वतःलाच कळलं नाही. भावाची अब्रू झाकायची सवय लागलेली, हात आपोआप गेला.

ती उठली, चप्पल पायांत घातली आणि तारांच्या मागं निघाली. पेठेच्या गल्लीच्या तारांचा जुडगा तिनं स्वतःच ओढलेला, त्यामुळं तो कुठून कसा जातो ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. शाळेमागची भिंत, वाण्याचा पत्रा, मग गल्लीच्या तोंडाशी असलेलं तिचं माहेर. तिथं माळ्याच्या खिडकीवरून तारा पुढं जाऊन घरोघर फुटायच्या. आज ती खाली उभी राहून बघत होती. जुडगा खिडकीत शिरत होता. खिडकीतून पुढं काहीच बाहेर येत नव्हतं.

आबा ओट्यावर बसले होते. जोतीराम आबा, गावात सरळ माणूस म्हणून नाव असलेले. लेक चप्पल न काढता आत शिरली, तेव्हा त्यांनी काठी उगाच पुढं केली.

"कुठं निगालीस?"

"माळ्यावर."

"नगं जाऊ, पोरी."

का जायचंय, हे त्यांनी विचारलं नाही. माळ्यावर काय आहे, हे ठाऊक असल्याखेरीज त्यांनी अडवलं नसतं. भावाचं कळायला तिला अजून जिना चढायचा होता, पण बापाचं तिथं खालीच कळलं.

माळ्यावर भुईमुगाची पोती असायची. ती बाजूला सारून फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर ओळीनं जुने राऊटर मांडले होते. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि त्यावर तिच्याच अक्षरात घराचं नाव. शिंपी. भागूकाकू. तालमीशेजारचे. ज्या ज्या घरात ती ते राऊटर घेऊन गेली होती, चहा प्यायली होती, पासवर्ड घालून दिला होता, त्या घरांतून ते काढून इथं आणून ठेवले होते. प्रत्येकात तिची एकेक तार खोचलेली. सगळे जिवंत, सगळे मन लावून ठोके देत होते, आणि पलीकडं तिच्या भिंतीवर त्यांचे दिवे जळत होते. कोपऱ्यात तिचा इन्व्हर्टर घुमत होता. बॅटरीवर तिनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, जरा पुसट झालेलं.

ती पोत्यावर बसली आणि रडली. मोठ्यानं रडली, आबांना खाली ऐकू जाईल असं. मग तिनं सौरभला फोन लावला. "माळ्यावर हाय मी. ये," एवढंच म्हणाली.

तो आला तोवर दिवस कलला होता. जिन्यावर त्याची पावलं अर्ध्यात थांबली, मग परत चढू लागली. वर येऊन त्यानं राऊटरकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं नाही.

"आक्का, मी सांगनारच हुतो."

"कवा?"

"थोडं थोडं करून. येकदम समदे दिवे गेले असते, तर तुला केवढं लागलं असतं. तुझं मन दुखू नये म्हनून..."

"म्हनून माझ्याच बॅटरीवर दिवं लावलंस."

खालून आबांचा आवाज आला, "त्याला संसार हाय, पोरी. सुमितनं भागीदारी दिली त्याला."

"आन मला संसार न्हाय व्हय, आबा?" तिनं वरूनच विचारलं.

सौरभ म्हणाला, "तुझ्या तारांचं काय ऱ्हायलं न्हाय आता, आक्का. लोकांना फायबर पायजे. आज ना उद्या कुनीतरी नेलीच असती गिऱ्हाइकं."

"मग मला म्हनायचं हुतंस. आपुन दोघांनी फायबर टाकलं असतं. येका शब्दानं इचारलंस?" तिचा आवाज चढला. "आन मन दुखू नये म्हनतोस? खरं बोल. दिवे का ठेवलेस?"

त्यानं बराच वेळ फळीची कड नखानं खरवडली. "अजून वरच्या आळीची गिऱ्हाइकं घ्यायची ऱ्हायली हुती," तो शेवटी म्हणाला. "तुला आधी कळलं असतं, तर तू घरोघर फिरली असतीस. तुझ्या शब्दाला लोकांनी नकार दिला नसता."

आता कुठं ते सगळं स्वच्छ झालं. लोक तिचा शब्द मोडणार नाहीत, हे भावाला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला आंधळं ठेवायचं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ती उठली.

"येक इचारू? बॅटरी कशापायी लावलीस? ती नसती, तर आज लाईटीसंगं दिवेबी गेलं असतं. मला कळलंबी नसतं."

"दिवे गेले की तू बघायला यील असं वाटलं. म्हटलं, जायलाच नको कवा."

"हितं लाईट जाती तवा दिवा जायालाच पायजे, सौरभ. जळोचीत ऱ्हाऊन त्ये इसरलास तू."

तिनं वाकून बॅटरीच्या तारा सोडल्या. इन्व्हर्टरची घुमघुम थांबली आणि फळीवरची सगळी घरं एका दमात विझली. माळ्यावर एकदम काळोख झाला. तिला वाटलं, याला आता भ्या वाटेल. मग तिला आठवलं, याला बायको आहे, पोर आहे, मिशा आहेत.

"उचल," ती म्हणाली. "बॅटरी आन इन्व्हर्टर माझ्या घरी नेऊन ठेव."

ती चालत निघाली. ओट्यावरून उतरताना आबांकडं तिनं बघितलं नाही. घरी येऊन ती पुढच्या खोलीत क्षणभर थांबली. पेठेच्या गल्लीची ओळ काळी पडली होती. वरची आळी अजून हिरवी होती. उद्या सकाळी त्या आळीत घरोघर जायचं, आणि भाऊ काय सांगत फिरला आणि खरं काय आहे ते आपल्या तोंडानं सांगायचं, हे तिनं तिथं उभ्या उभ्या ठरवलं. अब्रू झाकायची आता तिची पाळी नव्हती. मग ती आत जाऊन तांदूळ धुवायला बसली.

थोड्या वेळानं दारात मोटरसायकल थांबली. बॅटरी जड, ती आणताना सौरभचा श्वास लागलेला आतपर्यंत ऐकू येत होता. त्यानं ती जागच्या जागी ठेवली. फरशीवर घासल्याचा आवाज आला, मग इन्व्हर्टर ठेवल्याचा. मग काहीच नाही. तो गेला नव्हता. पुढच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता आणि तो त्या अंधारात उभा होता.

"आक्का?" त्यानं हाक मारली.

स्वरूपाचा हात पाण्यात थांबला. इतक्या वर्षांचा शब्द सवयीनं जिभेवर येऊन बसला.

"आक्का?" परत हाक आली. या खेपेला जरा बारीक.

ती आतच होती. जागी होती, सगळं ऐकत होती. तिनं दात घट्ट मिटले आणि तांदळाचं पाणी ओतलं. बऱ्याच वेळानं बाहेर मोटरसायकल सुरू झाली आणि जळोचीच्या वाटेनं गेली. तोवर तिनं उत्तर दिलं नाही.